‘याले इंजिनच नाही, बिघडन काय?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इलेक्ट्रिक मोटारी आता नागपूर-अमरावतीपुरत्या राहिल्या नाहीत. दारव्हा, पुसद, वरोरा, मेहकर अशा तालुक्याच्या गावांतही त्या दिसू लागल्या आहेत. चार्जिंगचा खर्च पेट्रोलच्या मानाने इतका कमी, की घरातला जो तो किल्ली मागतो. मोकळा रस्ता दिसला की ‘स्पोर्ट’ मोड लावायचा आणि पॅडल तळाला टेकवायचे, हा नव्या गाडीचा पहिला खेळ. कोणी हटकले तर उत्तर ठरलेले असते: ‘याले इंजिनच नाही, बिघडन काय?’

ऑइल नाही, क्लच नाही, गिअर बदलणे नाही, हे खरेच. पण गाडी दामटली की झीज व्हायचीच. इंजिनातून निघून ती टायर, बुश (सस्पेन्शनमधले रबरी सांधे), ब्रेक आणि बॅटरीत जाऊन बसते. मोटार दुरुस्तीच्या धंद्यातले आम्ही काही जण याबद्दल चार नेमक्या गोष्टी वाचकांसमोर ठेवू इच्छितो.

पेट्रोलच्या इंजिनाला जोर यायला आधी फेरे वाढावे लागतात. विजेच्या मोटारीचा पूर्ण जोर चाक थांबलेले असतानाच तयार असतो. वर गाडी जड. ४० युनिटच्या आसपासची बॅटरी एकटीच अडीचशे-तीनशे किलो भरते, त्यामुळे त्याच मापाच्या पेट्रोल गाडीपेक्षा ही गाडी दोनेकशे किलोने जास्त वजनाची असते. एवढे वजन एका झटक्यात पुढे ढकलायचे काम शेवटी रस्त्याला टेकलेले तळहाताएवढे चार रबरी तुकडे करतात. आधी खर्च होतात ते टायर. त्यातही पुढच्या चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्यांत पुढची जोडी.

टायर बदलताना आपल्याकडे मोठी चूक होते. दुकानदार माप जुळवतो, रिममध्ये बसला की झाले. मापाच्या पुढे जो दोन अंकी आकडा आणि एक अक्षर असते, ते कोणी वाचत नाही. तो आकडा भाराचा. ९१ म्हणजे एक टायर ६१५ किलो पेलणार, ९५ म्हणजे ६९० किलो. फरक ७५ किलोचा. चार टायरचा मिळून ३००, म्हणजे जवळपास एका बॅटरीचे वजन. कंपनीने ९५ चा टायर दिला असताना स्वस्त मिळाला म्हणून त्याच मापाचा ९१ चा टाकला, तर माणसे आणि सामान भरल्यावर टायर कायम आपल्या मर्यादेच्या काठावर चालतो. अक्षर वेगाचे: ‘टी’ ताशी १९० किलोमीटर, ‘एच’ २१०, ‘व्ही’ २४०. एवढ्या वेगाने कोण जातो, असे वाटेल. पण हे अक्षर टायरची उष्णता सोसायची ताकदही सांगते, आणि मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला भागात पारा ४५ च्या वर असताना तीच कामी येते. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालातल्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांनी रबर कडक होते, तडे दिसू लागतात. असा टायर गावात फिरायला कदाचित चालेल, समृद्धीवर चालवू नये. नक्षीची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर असली तरी पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर बदललेला बरा.

हवेबद्दलचा गैरसमज तर पंक्चरच्या प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतो: ‘उन्हाळा आहे, दोन-तीन पॉइंट कमीच ठेवा.’ हे उलटे आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, दुमडण्यातून उष्णता होते, आतले थर सुटतात आणि मग टायर फुटतो. दाराजवळच्या खांबावर कंपनीने हवेचा आकडा चिकटवलेला असतो, चार माणसे आणि सामान असताना वेगळा. तो आकडा थंड टायरचा आहे. म्हणून हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना मोजावी. टायरमधली हवा दहा अंशांनी तापली की दाब साधारण दीड पॉइंटने चढतो. सकाळी घरी ३३ असलेला टायर दुपारी काँक्रीटवरून शंभर किलोमीटर पळाल्यावर ३८ ते ४० दाखवेल. त्यात काही बिघाड नाही. तेवढे बघून वाटेत हवा सोडली की संध्याकाळी थंड झाल्यावर तोच टायर २७-२८ वर येतो, आणि दुसऱ्या दिवशी तसाच पुन्हा पळवला जातो. नायट्रोजन भरला म्हणून यातले काही टळत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर रस्ता खुला झाला. मोटारींना तिथे ताशी १२० ची मर्यादा आहे. मर्यादा आहे म्हणजे तेवढ्याने गेलेच पाहिजे, असे काहींनी मनाशी धरले आहे. इलेक्ट्रिक गाडीत त्याचा हिशेब रोखीचा असतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० चा वेग १२० झाला की वेग दीडपट, अडथळा सव्वादोन पट. मध्यम आकाराची एसयूव्ही ८० वर एसीसह किलोमीटरला अंदाजे ०.१४ युनिट खाते, १२० वर ०.२२ च्या आसपास. बॅटरीत वापरण्याजोगी ३५ युनिट असतील तर पहिल्या चालीने अडीचशे किलोमीटर, दुसऱ्या चालीने एकशे साठ. नागपूरहून निघालेला माणूस ८० ने दोनशे किलोमीटरचा पल्ला निवांत गाठेल. १२० ने निघालेल्याला वाटेत चार्जर शोधावा लागेल आणि वाचवलेला वेळ तिथे उभे राहून परत द्यावा लागेल.

थांबण्याचे अंतर ध्यानात घ्यावे. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरू. चांगले टायर, कोरडा रस्ता. ८० ने चाललेली गाडी साधारण ७० मीटरमध्ये थांबते, १२० ने चाललेली १३० मीटरमध्ये. १२० वर निव्वळ त्या दीड सेकंदातच ५० मीटर सरकलेले असतात. इंजिनाचा आवाज नसल्याने वेग अंगाला जाणवत नाही, ही या गाड्यांतली खास अडचण. पेट्रोल गाडी शंभरच्या पुढे गुरगुरते, ही नुसती सरकत राहते. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या सगळ्या मोटारींना ८० ला अधूनमधून आणि १२० च्या पुढे सतत वाजणारा भोंगा सक्तीचा आहे. तो बंद करून द्या, असे सांगत गाडी घेऊन येणारे आहेत. इलेक्ट्रिक गाडीत तर वेग सांगणारा आवाज तेवढाच उरतो.

आणि समृद्धी सोडली की आपले रस्ते काय आहेत, हे आपल्याला माहीत आहे. रात्री रोही (नीलगायी) आणि रानडुकरे शेतातून थेट डांबरावर येतात. मोठ्या रोह्याचे वजन दोनशे किलोच्या पुढे जाते, पाय लांब, त्यामुळे धडक बंपरला पायांची आणि काचेला धडाची बसते. कापसाच्या हंगामात ट्रॉल्या नि बंड्या मागे दिवा नसताना चालतात. पहिल्या पावसात ट्रॅक्टरच्या चाकांनी वावरातली काळी माती डांबरावर आणलेली असते. ती ओली झाली की साबण. अशा जागी पॅडल दाबले की पुढचे चाक गरकन फिरते, कोरड्या पट्ट्यावर आले की एकदम पकडते, आणि तो झटका थेट ड्राइव्ह शाफ्टच्या (मोटारीचा जोर चाकाला देणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटवर बसतो. वळताना चाकातून ‘कट-कट’ आवाज यायला लागला तर आधी जॉइंटवरचे रबरी आवरण म्हणजे बूट फाटून ग्रीस बाहेर आले आहे का ते बघावे. बूट वेळेवर बदलला तर खर्च थोडक्यात आटोपतो, माती आत गेली की अख्खा शाफ्ट जातो. ट्रॅक्शन कंट्रोलचे (चाक जागीच गरकन फिरू न देणाऱ्या यंत्रणेचे) बटण बंद करून चिखलात जोर लावणे ही त्याच खर्चाची आगाऊ पावती. गावातून मात्र वेगळी काळजी. वीस-पंचवीसच्या वेगाने ही गाडी जवळजवळ मुकी असते. चावडीसमोरचा म्हातारा, पाठमोरी गाय, रस्त्यात खेळणारी पोरे यांना ती मागून आल्याचे कळत नाही. हॉर्न आधी आणि हलका वाजवावा. जवळ जाऊन जोरात वाजवला तर जनावर उधळते.

आता बॅटरी. तारेतून जाणाऱ्या प्रवाहाने होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. ३२० व्होल्टचा पॅक आहे असे धरू. ८० च्या सरळ चालीला ११ किलोवॉट लागतात, म्हणजे सुमारे ३५ अँपिअर. पॅडल तळाला दाबून १०० किलोवॉट ओढले की ३१२ अँपिअर. प्रवाह नऊपट, उष्णता ऐंशीपट. पॅकचा आतला रोध ०.१ ओहम धरला, तर पहिल्या चालीत आत जुन्या शंभराच्या बल्बपेक्षा जरा जास्त उष्णता होते, दुसऱ्यात पाणी तापवायच्या पाच मोठ्या रॉडएवढी. ती काही सेकंदच असते म्हणून गाडी सोसते. पण दुपदरी रस्त्यावर ट्रकमागून ट्रक असा ओव्हरटेकचा धडाका लावला, की गार व्हायला सवडच मिळत नाही. बॅटरीला १५ ते ३५ अंश मानवतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गाडी सावलीत उभी असतानाच ती ४० पासून सुरुवात करते.

एका मर्यादेनंतर गाडीची यंत्रणा स्वतःच जोर कमी करते. पडद्यावर कासव किंवा ‘मर्यादित शक्ती’ असा इशारा येतो. तो बिघाड नसून बचाव आहे, पण ओव्हरटेक करताना समोरून ट्रक येत असेल तर हा बचावच गोत्यात आणतो. इशारा आला की ओव्हरटेक सोडून मागे राहावे, दहा-पंधरा मिनिटे साठ-सत्तरने चालवावे. लगेच सावलीत थांबून गाडी बंद करण्यापेक्षा हे बरे, कारण चालत्या गाडीत कूलंटचा (गार करणाऱ्या द्रवाचा) पंप आणि वारा दोन्ही काम करत राहतात.

पुष्कळ गाड्यांत बॅटरीचे कूलंट एसीच्याच गॅसने गार होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणजे एसी कमी गार करू लागला तर तो फक्त आपल्या घामाचा प्रश्न उरत नाही. जिनिंगच्या आसपासच्या रस्त्यांवर कापसाचे तंतू नि धूळ पुढच्या कंडेन्सरच्या जाळीत गच्च बसतात. हंगाम संपला की साध्या नळाच्या धारेने जाळी धुऊन घ्यावी. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पाती वाकतात आणि वारा आत जाणे कायमचे कमी होते. कूलंट कमी झाले म्हणून विहिरीचे पाणी किंवा दुसऱ्या गाडीचे हिरवे कूलंट ओतू नये. अनेक गाड्यांत इथे वीज कमीत कमी वाहून नेणारे कूलंट लागते. पुस्तिकेत लिहिलेलेच हवे. आणि ते वारंवार कमी होत असेल तर भरत बसण्यापेक्षा गळती शोधावी, कारण पॅकच्या आत गळत असेल तर गाडी चालवणेच थांबवायला हवे.

दामटून आल्या-आल्या फास्ट चार्जरला लावणे ही दुहेरी मार. तापलेल्या पॅकमध्ये मोठा प्रवाह ढकलला जातो, यंत्रणा तो कमी करते, मग ‘चार्जर खराब आहे’ म्हणून वाद. शेवटचे दहा-पंधरा किलोमीटर सावकाश आणावी, चार्जरला लावण्याआधी शक्य तर वीस-तीस मिनिटे सावलीत ठेवावी. पॅक एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) रसायनाचा असेल तर रोज ८० टक्क्यांवर थांबावे. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) असेल तर आठवड्यातून एकदा शंभर भरून द्यावी, नाहीतर टक्क्यांचा अंदाज चुकू लागतो. शंभर भरलेली गाडी उन्हात दोन-दोन दिवस उभी ठेवणे दोन्हीला वाईट.

घरच्या साध्या, १६ अँपिअरच्या प्लगवरच्या चार्जिंगचे थोडक्यात: स्वतंत्र लाइन, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, २० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) आणि ओली राहणारी अर्थिंग. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकला की चार्जर चालूच होत नाही; आठवड्याला दोन बादल्या पाणी. शेतपंपाच्या लाइनवर गाडी लावू नये.

ब्रेकचे तर उलटेच होते. ॲक्सिलरेटरचे पॅडल सोडले की मोटारच गाडी रोखते आणि वीज परत बॅटरीत जाते (याला रीजन म्हणतात), त्यामुळे खरे ब्रेक महिनोन् महिने हलकेच वापरले जातात. पावसाळ्यात डिस्कवर गंज चढतो, कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम होतात. आणि नेमक्या जोराच्या ब्रेकच्या वेळी गाडी एका बाजूला ओढते. आठवड्यातून एकदा, मागे कोणी नाही हे बघून, साठच्या वेगावरून रीजन कमीत कमी ठेवून चार-पाच वेळा चांगले ब्रेक दाबावेत. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, गाडी कितीही कमी चाललेली असो. ते हवेतले पाणी शोषते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल २३० अंशांच्या आधी उकळत नाही. पाणी मुरलेल्या ऑइलला तीच हमी १५५ ची. उकळले की नळीत वाफ होते आणि पाय फरशीपर्यंत जातो.

हे कुठे घडू शकते, तर चिखलदऱ्याच्या घाटात. परतवाड्याहून चिखलदरा साधारण सातशे मीटर उंच आहे. चार माणसांची गाडी ही चढण चढताना अंतराचा खर्च सोडून तीन युनिटपेक्षा जास्त वीज खाते. उतरताना त्यातली निम्म्याहून थोडी जास्त परत मिळू शकते, पण बॅटरीत जागा असेल तरच. लोक रात्रभर हॉटेलवर चार्ज लावतात आणि सकाळी शंभर टक्के भरून घाट उतरायला घेतात. भरलेल्या बॅटरीत वीज घालता येत नाही म्हणून रीजन जवळजवळ बंद असते, आणि पावणेदोन टनांचे सगळे वजन फक्त डिस्क-पॅडवर येते. जाताना पॅडल सोडले की गाडी आपोआप थांबत होती, येताना ती तशीच पुढे सरकते. पहिल्या वळणावरच घाबरायला होते. म्हणून वर ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवावे, उतारावर रीजन सर्वांत वरच्या पायरीवर ठेवावे आणि वेग वळणाच्या आधीच पाडावा.

बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते. पांदण रस्त्यावरचा मधला उंचवटा, गावाच्या वेशीवरचे मनमानी गतिरोधक, मुरुमातला टोकदार दगड यांच्यापासून ती फार तर वीतभर वर. वेगात गतिरोधकावरून उडून गाडी खाली बसते तेव्हा स्प्रिंग पूर्ण दबते आणि ती वीतही उरत नाही. खालच्या पत्र्याला पोचा आला आणि गाडी चालू आहे, म्हणून लोक विसरून जातात. आत सेल चेपला असेल तर परिणाम त्याच दिवशी दिसेलच असे नाही. जोराचा आवाज झाला असेल तर गाडी लिफ्टवर घेऊन पोट बघावे, कूलंटच्या नळ्या बघाव्यात, स्कॅनर लावून सेलमधला व्होल्टेजचा फरक आणि इन्सुलेशन तपासून घ्यावे. कंपनीची हमी बॅटरीच्या दोषाला असते, दगडाच्या धडकेला नाही. विम्याचा कागद आधीच वाचून ठेवावा. तोच वेग लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट खातो. जड गाडीत ते आधी जातात, मग चाकांचे अलाइनमेंट बिघडते, मग टायर आतल्या कडेने झिजतो, जिथे उभ्याने बघितले तर दिसत नाही. वाकून बघावे.

नाल्यावरून पाणी जात असताना ‘आयपी ६७ आहे, काही होत नाही’ हा नवा आत्मविश्वास ऐकू येतो. आयपी ६७ म्हणजे धूळ आणि पाणी आत न शिरण्याची प्रत. त्या चाचणीत नवा पॅक एक मीटर स्थिर पाण्यात अर्धा तास ठेवतात. वाहत्या पाण्याचा लोट, आपटलेली खालची बाजू, चार वर्षांचे जुने सील यांचा त्यात हिशेब नाही. आणि पॅक कोरडा राहिला तरी पाणी गाडीला वाहून नेतेच.

शेवटी अपघात किंवा बंद पडलेली गाडी. गाव मदतीला धावते, ही आपल्याकडची चांगली रीत. पण इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. केशरी वेष्टनाच्या तारा उच्च दाबाच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही, कापायच्या नाहीत. पोटाखालून धूर, शिट्टीसारखा आवाज किंवा गोडसर उग्र वास आला की माणसे बाहेर काढून लांब व्हायचे, ११२ ला फोन करताना गाडी इलेक्ट्रिक आहे हे आधी सांगायचे. पेटलेल्या बॅटरीला भरपूर पाणी लागते, विझल्यावर ती पुन्हा पेटू शकते. म्हणून अशी गाडी गोठ्याजवळ, कडब्याच्या गंजीजवळ किंवा शेडमध्ये आणून ठेवू नये. दुसरी गोष्ट ट्रॅक्टरला दोर बांधून ओढण्याची. मोटारीला जोडलेली चाके जमिनीवर ठेवून ओढले की मोटार फिरते, फिरली की वीज तयार करते, आणि बंद पडलेल्या गाडीत ती वीज कुठे जावी याची सोय नसते. इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटारीला पुरवणारा भाग) जळू शकतो. एकतर चारही चाके उचलणारी फ्लॅटबेड, नाहीतर निदान मोटारीची जोडी ट्रॉलीवर. रस्त्यातून बाजूला करायला दहा-वीस मीटर न्यूट्रलमध्ये पायाच्या चालीने ढकलले तर चालते.

जिल्ह्याच्या ठिकाणाबाहेर फ्लॅटबेड वेळेवर मिळत नाही. समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर आरटीओने टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्याचे उदाहरण आहे. त्याच तपासणीत टायरवरचा भाराचा आकडाही पाहिला जावा. महामार्गावरच्या चार्जिंगच्या जागांवर निदान पत्र्याचे छत टाकावे, कारण ४५ अंशांत उघड्यावर उभी गाडी आणि उघड्यावर उभा चार्जर, दोघेही आपापला प्रवाह कमी करून घेतात. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागे लाल परावर्तक पट्ट्या लावण्याचे काम वेचणी सुरू होण्याआधी व्हावे, ते दिवाळीनंतर हाती घेऊन उपयोग नाही.

आपले,
मोटार दुरुस्तीच्या व्यवसायातील काही वाचक,
यवतमाळ जिल्हा